माहेरी उपाशी राहणारी आई



नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू येऊन वाळूत रुतले. पिल्लू म्हटले तरी त्याची लांबी सुमारे वीस फूट होती. गावकरी, मच्छीमार, वन खात्याचे कर्मचारी अशी कितीतरी माणसे दिवाळीचा फराळ बाजूला ठेवून त्याच्यासाठी झटली. अंगावर पाणी मारत राहून त्यांनी त्याला जिवंत ठेवले आणि सुमारे चाळीस तासांच्या खटपटीनंतर ओढत नेऊन खोल पाण्यात सोडले. ती बातमी पाहून आपल्यापैकी अनेकांनी टाळ्या वाजवल्या असतील. पण ते पिल्लू जगले नाही. पुन्हा किनाऱ्याला लागले ते मेलेलेच.

सुटी संपून शाळा सुरू झाली तेव्हा आठवीच्या वर्गात हाच विषय निघाला. एका मुलीने विचारले, "सर, एवढी सगळी माणसे होती, मग त्याला कोणी काही खायला का नाही घातले?" वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही, कारण उत्तर आम्हालाही नीट येत नव्हते. लगेच तिचा दुसरा प्रश्न आला, "आणि त्याची आई काय खात असेल?"

विज्ञान मंडळाच्या आम्हा शिक्षकांना या दोन प्रश्नांनी बरेच दिवस कामाला लावले. ती मुलगी आता पुढच्या वर्गांत गेली. उत्तर उशिरा देत आहोत, पण ते आम्हाला वाटले होते त्याहून मोठे निघाले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत सांगता येते: दूध पिणाऱ्या देवमाशाच्या पिल्लाला आईच्या दुधावाचून दुसरे काहीही चालत नाही आणि ते दूध माणसाला देता येत नाही. आईपासून तुटलेले पिल्लू समुद्रात परत सोडले तरी ते भुकेलेलेच राहते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र चमत्कारिक आहे. जगातल्या अनेक जातींच्या देवमाशांत पिल्लू अगदी लहान असताना आई जवळजवळ काहीच खात नाही!

चाळणीने जेवणारा प्राणी

देवमासा हा मासा नव्हे, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. तो आपल्यासारखा सस्तन प्राणी आहे. फुप्फुसाने श्वास घेतो, पिल्लाला जन्म देतो, दूध पाजतो. देवमाशांचे दोन मोठे गट आहेत. एका गटाला दात असतात. डॉल्फिन आणि स्पर्म देवमासा हे या गटातले. दुसऱ्या गटाला दात नसतात. त्यांच्या वरच्या जबड्यातून शेकडो पट्ट्यांची दाट झालर लोंबते. आपली नखे ज्या पदार्थाची बनतात त्याच पदार्थाची ही झालर असते. तोंडात पाणी घ्यायचे, ते झालरीतून बाहेर ढकलायचे आणि आत अडकलेले बारीक जीव गिळायचे, असा यांचा जेवणाचा प्रकार. थोडक्यात, हा चाळणीने जेवणारा प्राणी आहे. या लेखात आम्ही याच गटाबद्दल बोलणार आहोत.

प्रत्येक जातीची चाळण्याची रीत वेगळी. करडा देवमासा कुशीवर वळून समुद्रतळाचा चिखल तोंडात ओढतो आणि त्यातले कोळंबीसारखे इवलेसे जीव गाळून घेतो. राइट जातीचा देवमासा तोंड उघडे ठेवून संथपणे पोहत राहतो. सायीवरून चमचा फिरवावा तसे त्याचे चालते. हंपबॅक देवमासा गळ्याच्या वळ्या फुगवून एका घासात माशांचा आख्खा थवा आत घेतो.

एवढ्या मोठ्या देहाला असे बारीक अन्न पुरायचे तर ते भरमसाट असावे लागते. तसे ते ध्रुवांकडच्या थंड समुद्रात उन्हाळ्याच्या महिन्यांत असते. त्या दिवसांत तिकडे सूर्य मावळतच नाही म्हटले तरी चालेल. सूर्यप्रकाशावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर क्रिलसारखे जीव पोसतात आणि त्या जिवांवर देवमासे ताव मारतात. चार-पाच महिने खाण्याखेरीज दुसरा उद्योग नसतो. या काळात त्यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर साठतो. वर्षाच्या उरलेल्या महिन्यांची हीच त्यांची शिदोरी.

डोहाळजेवण एकीकडे, बाळंतपण दुसरीकडे

आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी येते. तिच्यासाठी डिंकाचे लाडू वळले जातात, अळीवाची खीर होते, आई-मावशी तिला आग्रहाने वाढतात. देवमाशांची मादीही बाळंतपणासाठी ठरलेल्या जागी जाते. ती स्वतः जिथे जन्मली तिथेच बहुधा तीही जाते, म्हणजे ते तिचे माहेरच झाले. पण त्या माहेरी ताट वाढलेले नसते.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या करड्या देवमाशाचे उदाहरण घेऊ. उन्हाळाभर तो अलास्का आणि सायबेरिया यांच्यामधल्या बेरिंग व चुकची या समुद्रांत चरतो. शरद ऋतूत बर्फ धरू लागले की गाभण माद्या सर्वांत आधी दक्षिणेकडे निघतात. कॅनडा आणि अमेरिकेचा किनारा धरून त्या मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया या द्वीपकल्पापर्यंत येतात. तिथे ओखो दे लिएब्रे, सान इग्नासिओ आणि माग्दालेना या नावांची उथळ, शांत खाजणे आहेत. जाऊन-येऊन हा प्रवास १६ ते २० हजार किलोमीटरांचा होतो. डिसेंबरअखेरपासून या खाजणांत पिल्ले जन्मू लागतात. जन्मतः पिल्लू सुमारे साडेचार मीटर लांब आणि जवळपास ९०० किलो वजनाचे असते.

आई पिल्लाला घेऊन एप्रिलच्या सुमारास उत्तरेकडे निघते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा आपल्या चरण्याच्या समुद्रात पोहोचते. हिवाळ्याच्या आरंभापासून ते तिथे परत पोहोचेपर्यंतचे पाच-सहा महिने तिचे जवळजवळ कडकडीत उपासाचे असतात. त्याच काळात ती पिल्लाला जन्म देते, पाजते, वाढवते आणि हजारो किलोमीटर सोबत घेऊन पोहते.

मग जिथे खायला मिळते तिथेच पिल्लाला जन्म का देत नाही? याची काही कारणे शास्त्रज्ञ सांगतात. नवजात पिल्लाच्या अंगावर चरबीचा जाड थर नसतो, त्यामुळे कोमट पाणी त्याला मानवते. उथळ, शांत पाण्यात त्याला श्वास घ्यायला आणि पोहायला शिकणे सोपे जाते. ओर्का हा दातवाला शिकारी पिल्लांचा वैरी आहे. अशा जागी त्याचा उपद्रव कमी असतो. म्हणजे आई आपल्या पोटापेक्षा पिल्लाची सुरक्षितता पाहते आणि त्याचा खर्च स्वतःच्या अंगातून भरते.

चक्क्यासारखे दूध

हा खर्च केवढा, हे आता मोजता येऊ लागले आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात हेड ऑफ बाइट नावाची जागा आहे. उंच कड्याखालच्या निळ्या पाण्यात दरवर्षी दक्षिणी राइट देवमाशांच्या माद्या पिल्लांना जन्म द्यायला येतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी तिथे ड्रोन उडवून त्याच माय-लेकरांची वरून पुन्हापुन्हा छायाचित्रे घेतली. छायाचित्रांवरून लांबी-रुंदी मोजली आणि शरीराचे आकारमान काढले. निष्कर्ष असा निघाला की पहिल्या तीन महिन्यांत आईच्या शरीराचे आकारमान सरासरी चतुर्थांशाने घटते. पिल्लू मात्र रोज ३.२ सेंटिमीटर लांब होते. पट्टीवर बघा म्हणजे कल्पना येईल. तीन महिन्यांत ते जवळपास तीन मीटर वाढते.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आया येतानाच लांबीने मोठ्या आणि अंगाने भरलेल्या होत्या, त्यांची पिल्ले अधिक वेगाने वाढली. रोडावलेल्या आयांची पिल्ले हळू वाढली. म्हणजे पाळण्यातल्या बाळाचे भवितव्य बऱ्याच अंशी आधीच्या उन्हाळ्यात, हजारो किलोमीटर दूरच्या स्वयंपाकघरात ठरलेले असते.

ही चरबी पिल्लापर्यंत पोहोचते ती दुधातून. गाईच्या दुधात स्निग्धांश सुमारे ३ ते ४ टक्के असतो, म्हशीच्या दुधात ७ टक्क्यांच्या आसपास. करड्या देवमाशाच्या दुधात तो ५० टक्क्यांहून अधिक असतो. हे दूध पाण्यासारखे वाहत नाही, श्रीखंडाच्या चक्क्यासारखे दाट असते. त्यामुळे ते समुद्राच्या पाण्यात सहजासहजी विरघळून जात नाही. पिल्लाला आपल्यासारखे ओठ नसतात. आईच्या पोटाकडच्या खाचेशी ते तोंड नेते आणि आई स्नायू आवळून दुधाची धार त्याच्या तोंडात सोडते.

आईला पाणी कुठून मिळते, हाही प्रश्न वर्गात आला होता. चरबी शरीरात जळते तेव्हा ऊर्जेबरोबर पाणीही तयार होते. म्हणजे तिची शिदोरी जेवणाचीही असते आणि पाण्याचीही.

अशा काटकसरीत एकेक हालचाल महाग पडते. म्हणूनच या खाजणांत माद्या बराचसा वेळ पाण्याच्या पृष्ठभागाजवळ निश्चल पडून असतात. हंपबॅक आणि राइट देवमाशांची माय-लेकरे तर एकमेकांशी अगदी हळू आवाजात बोलतात, असे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर त्यांच्या अंगाला ध्वनिमुद्रक चिकटवून केलेल्या अभ्यासांत दिसले. शिकाऱ्याला चाहूल लागू नये म्हणून ही कुजबूज असावी. अशा वेळी एखादी मोटरबोट पर्यटकांना घेऊन जवळ येते, आई दचकून पळते, पिल्लू मागोमाग जाते. आपल्याला तो दोन मिनिटांचा खेळ वाटतो. तिच्या शिदोरीतून मात्र तेवढे धान्य सांडलेले असते, आणि ते पुन्हा भरता येत नाही.

खरेच काही खात नाहीत?

विज्ञानात 'कधीच नाही' असे म्हणताना जपून बोलावे लागते. १९५९ ते १९६९ या काळात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर संशोधनाच्या परवान्याखाली ३१६ करडे देवमासे मारून तपासण्यात आले. प्रवासातल्या या प्राण्यांची पोटे जवळजवळ सगळीच रिकामी होती. उपासाचा हा भक्कम पुरावा. तरीही मेक्सिकोच्या खाजणांत एखादा देवमासा अधूनमधून चिखल ढवळताना दिसतो, प्रवासात वाटेवर कुठे चांगले अन्न भेटले तर चार घास घेतो. आपण एकादशीला शेंगदाणे तोंडात टाकतो, तसाच हा प्रकार. त्यावर पोट भरत नाही.

सर्वांत लक्षवेधी अपवाद अर्जेंटिनात आहे. तिथल्या वाल्देस द्वीपकल्पाच्या दोन्ही बाजूंना न्वेवो आणि सान होसे नावाची आखाते आहेत. दक्षिणी राइट देवमाशांचे हे मोठे माहेर. १९७० पासून तिथे एकेका देवमाशाला डोक्यावरच्या खरबरीत चट्ट्यांवरून ओळखून त्याची नोंद ठेवली जाते. आपल्याकडे १२ वर्षांची मुले हजेरीपटावर असतात, त्यांच्याकडे ५० वर्षांपूर्वीच्या माद्यांच्या नाती हजेरीपटावर आहेत! दक्षिण गोलार्धात ऋतू आपल्या उलट असतात. पिल्ले ऑगस्टच्या आसपास जन्मतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे वसंत येतो. त्या वेळी आखातात कोपेपॉड नावाचे तांदळाच्या कणीएवढे जीव वाढतात. तेव्हा परतीच्या तयारीत असलेले देवमासे तोंड उघडून पृष्ठभागावरून पोहताना, म्हणजे चक्क जेवताना दिसतात. लांबच्या प्रवासाआधी ही दहीभाताची वाटी म्हणायची.

पण हीच वाटी कधी विषारीही निघते. काही सूक्ष्म शैवाले वाढली की त्यांचे विष कोपेपॉडांत आणि तिथून देवमाशांत उतरते. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२२ मध्ये न्वेवो आखातात सुमारे तीस देवमासे मेले, त्यांत पूर्ण वाढलेल्या माद्या बऱ्याच होत्या. त्यांच्या शरीरात शैवालाचे विष सापडले.

वाल्देसमधली दुसरी गोष्ट ऐकून तर वर्ग एकदम गप्प झाला होता. तिथले मोठे समुद्रपक्षी, केल्प गल, श्वास घ्यायला वर आलेल्या देवमाशाच्या पाठीवर बसून चोचीने कातडी आणि चरबी तोडून खातात. १९७० च्या दशकात माय-लेकरांपैकी फक्त २ टक्क्यांच्या अंगावर अशा जखमा दिसत. २००० च्या दशकात हे प्रमाण ९९ टक्क्यांवर गेले. माणसाने टाकलेला कचरा आणि मासळीची घाण यांवर हे पक्षी पोसले गेले आणि त्यांची संख्या वाढली. उपाशी आईची साठवण पक्षी वरून टोचून नेतात आणि त्यांना चुकवण्याच्या धावपळीत आणखी साठवण खर्च होते. आपण गावाबाहेर टाकलेला कचरा कुणाच्या पाठीवर जखम होऊन उमटेल, हे खरोखर सांगता येत नाही.

पाळणा वाचला, चूल विझली

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. इथे दोन शब्द मनात ठेवू: पाळणा आणि चूल. पाळणा म्हणजे पिल्लू जन्मते ती जागा आणि चूल म्हणजे आई खाते ती जागा.

मेक्सिकोच्या खाजणांतला पाळणा एके काळी कत्तलखाना झाला होता. १८५७ च्या हिवाळ्यात चार्ल्स स्कॅमन हा अमेरिकन कप्तान ओखो दे लिएब्रेच्या खाजणात शिरला. अरुंद खाजणात पिल्लांजवळून न हलणाऱ्या माद्या भाल्यांना सहज सापडल्या. पिल्लासाठी उलटून बोटींवर चाल करणाऱ्या या आयांना शिकाऱ्यांनी 'सैतान मासा' असे नाव दिले. काही वर्षांतच खाजणे ओस पडली.

पुढे माणसाला शहाणपण आले. १९४६ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर या जातीला संरक्षण मिळाले. १९७२ साली मेक्सिकोने ओखो दे लिएब्रे हे देवमाशांचे अभयस्थान म्हणून जाहीर केले. त्याच साली सान इग्नासिओत पाचिको मायोराल या कोळ्याच्या छोट्या होडीपाशी एक करडा देवमासा आला आणि त्याने भीत भीत हात लावला. तेव्हापासून तिथल्या माद्या पिल्लांना घेऊन होड्यांजवळ येतात, माणसांकडून अंग कुरवाळून घेतात. १९९३ साली हा भाग जागतिक वारसा ठरला. सान इग्नासिओजवळ मोठे मिठागर उभारण्याचा बेत होता, तोही २००० साली मेक्सिकोच्या सरकारने रद्द केला. पाळणा वाचवण्यासाठी माणसाला जे जे करता येते, ते ते तिथे झाले.

आणि तरीही २०१६ च्या सुमारास २७ हजारांच्या घरात असलेली करड्या देवमाशांची संख्या २०२५ च्या मोजणीत १३ हजारांच्या आसपास आली. मध्ये एकदा ती थोडी वाढली होती, पण टिकली नाही. डिसेंबर २०१८ ते नोव्हेंबर २०२३ या काळात मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडाच्या किनाऱ्यांवर ६९० करडे देवमासे मृत किंवा मरणासन्न अवस्थेत लागले. त्यांतले अनेक अगदी हाडकुळे होते. खाजणांत त्यांना कोणी मारले नव्हते. उत्तरेकडच्या समुद्रात बर्फाचे गणित बिघडले, तळाच्या चिखलातले बारीक जीव कमी झाले आणि आया अर्धी शिदोरी बांधून निघाल्या. पाळणा शाबूत होता, पण चूल थंडावली.

हे एकाच जातीचे झाले असे नाही. वाल्देसच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की दूरच्या साउथ जॉर्जिया बेटाभोवतीचे पाणी ज्या वर्षी जास्त तापते, त्यानंतर वाल्देसला अपेक्षेपेक्षा कमी पिल्ले जन्मतात. पाणी तापले की तिथले क्रिल घटते. हवाई बेटांजवळच्या एका सामुद्रधुनीत हंपबॅकची माय-लेकरे दिसण्याचे प्रमाण २०१३ ते २०१८ या काळात ७६ टक्क्यांहून अधिक घसरले. मधल्या काळात, २०१४ ते २०१६ मध्ये, उत्तर प्रशांत महासागरात उष्णतेची मोठी लाट येऊन गेली होती.

मादीच्या शरीरात एक शहाणपण असते. पुरेशी चरबी साठली नाही तर तिला गर्भ राहत नाही किंवा टिकत नाही. राइट देवमाशाची मादी सर्व ठीक असेल तर तीन वर्षांतून एकदा विते: एक वर्ष गर्भ, एक वर्ष पाजणे, एक वर्ष अंग भरून काढणे. गाय-म्हैस काही काळ भाकड राहते, तसेच हे. चूल मंदावली की हा भाकड काळ लांबतो. मग कोणी हारपून न मारताही पाळणे रिकामे राहू लागतात.

आणि आपला अरबी समुद्र?

आतापर्यंत दूरदेशीच्या गोष्टी झाल्या. पण या विषयातला जगावेगळा अपवाद आपल्या दारात, अरबी समुद्रात आहे, हे वाचताना आम्हीच चकित झालो.

जगातले जवळपास सगळे हंपबॅक ध्रुवाकडे चरायला आणि उष्ण कटिबंधात प्रसवायला जातात. अरबी समुद्रातले हंपबॅक कुठेच जात नाहीत. उत्तरेला जमीन आडवी आहे आणि दक्षिणेकडे ते जात नाहीत. त्यांची चूल आणि त्यांचा पाळणा एकाच समुद्रात आहे. हे शक्य होते ते आपल्या ओळखीच्या पाहुण्यामुळे, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यामुळे. जून ते सप्टेंबर हा वारा ओमानच्या किनाऱ्यालगत वाहतो, वरचे पाणी दूर लोटतो आणि खालचे थंड, क्षारांनी समृद्ध पाणी वर येते. त्यावर समुद्रातली हिरवळ वाढते, मासे वाढतात आणि देवमाशांचे पोट भरते. जो पाऊस आपल्या भाताला पाणी देतो, त्याचाच वारा त्यांचे ताट वाढतो.

याचा पुरावा दुर्दैवाने एका कत्तलीतून मिळाला. १९६५ आणि १९६६ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ २४२ हंपबॅक बेकायदा मारले. ही माहिती १९९० च्या दशकात उघड झाली. उष्ण कटिबंधातल्या इतर जागी पोटे रिकामी सापडतात, इथे मात्र अनेकांच्या पोटात अन्न होते आणि त्याच वेळी अनेक माद्यांच्या पोटात गर्भही होते. पुढे जनुकांच्या अभ्यासावरून दिसले की हा कळप सुमारे ७० हजार वर्षांपासून इतरांपासून वेगळा राहिला आहे. २००० ते २००४ या काळात ओमानजवळ शेपटीच्या छायाचित्रांवरून केलेल्या अंदाजात त्यांची संख्या ८२ च्या आसपास निघाली. आपल्या शाळेच्या दोन वर्गांत मावतील एवढे!

नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानच्या मसिरा आखातात एका मादीच्या अंगाला उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवले गेले. तिचे नाव लुबान, म्हणजे अरबीत धूप-लोबान. यंत्र नकाशावर तिची वाट उमटवत गेले आणि डिसेंबरात ती अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या किनाऱ्याजवळ आली! पुढे ती कन्याकुमारीपर्यंत गेली आणि ओमानला परतली. गोव्याजवळच्या पाण्यात ठेवलेल्या ध्वनिग्राहकांतही हंपबॅकचे गाणे टिपले गेले आहे. आपण नाताळच्या सुटीत किनाऱ्यावर वाळूचे किल्ले करत असू, तेव्हा क्षितिजापलीकडे कोणी गात असेल.

मेक्सिकोच्या करड्या देवमाशाला निदान दोन घरे आहेत. आपल्या या शेजाऱ्यांना एकच आहे. एखादे जाळे त्यांना अडकवते ते जेवणाच्या जागीच आणि पिल्लाच्या जागीच. इथला समुद्र बिघडला तर निघून जायला दुसरीकडे कुठे ठिकाण नाही.

आपण काय करू शकतो?

चुकची समुद्राचे बर्फ आपल्या हातात नाही. पण काही गोष्टी आहेत. तुटलेली नायलॉनची जाळी समुद्रात किंवा वाळूत टाकून देऊ नयेत. किनारा स्वच्छतेच्या दिवशी आधी जाळी उचलावीत, मग बाटल्या. ज्या विद्यार्थ्यांच्या घरी मासेमारीचा व्यवसाय आहे, त्यांनी ही गोष्ट वडिलांना, काकांना आवर्जून सांगावी. महाराष्ट्रात संरक्षित सागरी प्राणी सोडवताना जाळे कापावे लागले तर मच्छीमारांना भरपाई देण्याची योजना २०१८ मध्ये सुरू झाली. अशी सोय असली की जीव वाचवणाऱ्याच्या पोटावर पाय येत नाही.

किनाऱ्यावर देवमासा किंवा डॉल्फिन लागलेला दिसला तर आधी वन खात्याला आणि जीवरक्षकांना कळवावे. गर्दी करू नये. शेपटी धरून ओढू नये. अंग ओले ठेवावे, पण डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नये. आणि त्याला काहीही खायला घालू नये.

त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच होते. गणपतीपुळ्याच्या त्या पिल्लाला माणसांनी चाळीस तास सर्व काही दिले, फक्त दूध देता आले नाही. ते दूध त्याच्या आईने कुठल्या तरी समुद्रात खाल्लेल्या अन्नाचे होते. पिल्लू वाचवायचे तर आई वाचली पाहिजे आणि आई वाचायची तर तिचे जेवण वाचले पाहिजे. आपल्या अरबी समुद्रात या तिन्ही गोष्टी एकाच पाण्यात आहेत.

पुढच्या वेळी किनाऱ्यावर जाल तेव्हा क्षितिजाकडे एकदा जरूर पाहा. आणि वर्गात प्रश्न विचारताना कोणी हसले, तरी विचारायचे सोडू नका. उत्तर आम्ही शोधू, थोडा उशीर झाला तरी.